धुक्याचे पैसे परत मिळत नाहीत

सकाळी साडेआठला लिस्बनच्या हॉटेलाबाहेर
मी उभी असते पाटी धरून.
पाटीवर तुमचं नाव, बहुधा एका अक्षरानं चुकलेलं.
मी झुलमिरा. गाडी माझी, हप्ते बँकेचे,
आणि पुढचे आठ तास तुमचे.

आजचे दोघं नवराबायको, साठी उलटलेले, फार लांबून आलेले.
निघताना मी पर्स उपसत पुटपुटले, शावे, शावे कुठं गेली?
गृहस्थ मागून म्हणाले, चावी?
त्यांच्या भाषेतही ती चावीच.
जुन्या कोटाच्या खिशात नाणं सापडावं
तसे हसले ते, वाटभर.

सिंत्राचा डोंगर चढलो
तर वर राजवाडा नव्हता.
रांग होती, तिकीट फाडणारा होता,
दमट पायऱ्या होत्या,
राजवाडा नव्हता.
मग मी हात लांबवून उभा केला :
हा पिवळा घुमट, तो तांबडा मनोरा,
कमानीवर शिंपल्यात बसलेला दाढीवाला,
अर्धा माणूस, अर्धा मासा, भयंकर चिडलेला.
मुलाला ढगाआडचा चांदोबा दाखवावा
तसे दोघं माझ्या बोटाकडे बघत राहिले.
दिसतोय की, बाई म्हणाल्या.
भलं माणूस खोटं बोलतं, तसं बोलल्या.

धुक्याचे पैसे परत मिळत नाहीत.
हे सांगायची वेळ आली नाही.

खाली गावातल्या जुन्या वाड्यात राजाची दालनं
त्यांनी दहा मिनिटांत उरकली.
छतावरचे ते गप्पिष्ट काळेपांढरे पक्षी, त्यांची चहाटळ गोष्ट,
माझं हुकमी हसू, सगळं वाया.
बाई थांबल्या त्या मुदपाकखान्यात.
दोन धुराड्यांच्या खाली मान वर करून
विहीर उलटी टांगावी तसल्या त्या पोकळीत
बघत राहिल्या, आणि विचारलं,
एवढ्यांची भांडी कोण घासायचं?

बावीस वर्षं झाली.
पाठ केलेल्या कागदांत या प्रश्नाला उत्तर नाही.

जेवण. मासा, बटाटे, बिलावरून दोघांची कुजबुज.
मग किनाऱ्याचा रस्ता, आणि एका वळणाशी
धुकं नाक्यावर अडवल्यासारखं थांबलं.
समोर समुद्र. एकदम.
त्याला तिकीट नाही.
इथं युरोपची जमीन संपते, मी म्हटलं.
रोज म्हणते, रोज संपते,
रोज परत गाडी वळवून आम्ही जमिनीवर येतो.

कड्याच्या पार खाली दोरीला एक माणूस लोंबत होता.
लाट मागं सरली की खडक खरवडायचा,
लाट आली की पाय आवळून वर.
हत्तीच्या नखांसारखं काहीतरी पिशवीत टाकायचा.
तो कोण? गृहस्थांनी विचारलं.

कार्यक्रमात नव्हतं ते.
कार्यक्रमात दीपगृह होतं, फोटोला वीस मिनिटं.
माझा भाऊ, मी म्हटलं. आदेरितो.
आईचं घर विकल्यापासून बोलत नाही.
आता तिथं पाहुणे उतरतात. न्याहारी चांगली मिळते.

हे शेवटचं मी का सांगितलं, देव जाणे.

बाईंनी पिशवीतून रुमाल काढला आणि
लहान मुलीसारखा हलवला, दोन्ही हातांनी.
खालून त्यानं हात वर केला.
पाहुण्यांना सगळेच हात करतात.
मी गाडीच्या आडोशाला होते, काच पुसत,
स्वच्छ होती तरी.

परतीला दोघं झोपले, एकमेकांवर कलून.
हॉटेलपाशी त्यांनी ठरल्याहून थोडे जास्त दिले,
फोटो दाखवले : समुद्र, समुद्र, बाईंचा अंगठा, समुद्र.
एकात कड्याची कड होती
आणि तिच्यावरून खाली गेलेली
दोरीची वीतभर सुरुवात.